तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून का वाजवते

“दिवसभर शिकवून दमता, मग संध्याकाळी स्वतः कशाला वाजवायला बसता?” एप्रिलमध्ये आमच्या उन्हाळी पियानो शिबिराचे फॉर्म वाटायला सुरुवात झाली की हा प्रश्न येतोच. पालक काळजीपोटी विचारतात, माझी धाकटी बहीण रागावून विचारते. मागच्या वर्षी तलावपाळीवर भेटलेल्या एका सहकाऱ्यानं आवाज खाली आणून विचारलं, तेव्हा त्याला म्हणायचं होतं, ‘त्या संध्याकाळनंतरसुद्धा?’ प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहिते.

आधी रिवाजाबद्दल. सकाळी खुला वर्ग, म्हणजे एकानं वाजवायचं, मी थांबवून सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आणि संध्याकाळी आम्हा चौघांपैकी एकाची मैफल. हे आमचं खूळ नाही. एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक लिस्ट जर्मनीत वायमारला उन्हाळ्यात असे वर्ग घेत असे, फी न घेता, आणि तोंडानं सांगण्यापेक्षा पियानोवर बसून दाखवण्यावर त्याचा भर असे. अमेरिकेत आस्पेनला १९४९ पासून आणि स्वित्झर्लंडमध्ये व्हर्बियेला १९९४ पासून उन्हाळी महोत्सव चालतात, तिथेही शिकवणारी माणसं मंचावर वाजवताना ऐकायला मिळतात. आणि इतक्या लांब जायचं कशाला? आपल्याकडे शिष्य गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसतो. गुरूचा श्वास कुठे अडला, एखादी जागा मनासारखी आली नाही तेव्हा त्यांनी काय केलं, हे तो हातभर अंतरावरून बघतो. पियानोच्या विद्यार्थ्याला तसं मागे बसता येत नाही. त्याच्यासाठी ही एक संध्याकाळ असते.

हे सगळं मी वर्षानुवर्षं ठामपणे सांगत आले. आता सांगताना तो मुलगा आठवतो.

दहावीत जाणारा, कळव्याहून यायचा. सकाळच्या वर्गात त्यानं बाखचं एफ मेजरमधलं इन्व्हेन्शन, दोन आवाजांची छोटी रचना, वाजवायला घेतलं. निम्म्यावर विसरला आणि थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “थांबायचं नाही. ऐकणाऱ्यांसमोर थांबणं हा त्यांचा अपमान आहे आणि बाखचाही.” माझे शब्द अगदी हेच होते. त्यानं मान हलवली आणि जागेवर जाऊन बसला.

त्याच संध्याकाळी माझी पाळी. बेथोव्हेनचा ओपस ११०, त्याच्या शेवटच्या तीन पियानो सोनाटांमधला मधला. हस्तलिखितावर २५ डिसेंबर १८२१ ही तारीख आहे. शेवटच्या भागात आधी एक विलाप येतो आणि त्यातून फ्यूग उठतं, म्हणजे एकच विषय एकामागून एक वेगवेगळ्या आवाजांत, स्वरांच्या ओळींत, येत राहतो अशी रचना. विषय अगदी साधा: षड्जावरून मध्यमावर जावं तशी वर उडी, थोडं खाली, पुन्हा तेवढीच उडी, असं तीनदा. मग तो तीन आवाजांत फिरत राहतो. खालच्या आवाजात विषय आला आणि माझ्या बोटांनी मघाचीच वाट धरली. दोन मात्रांत कळलं की आपण भलतीकडे आलोय. मी विषयाच्या सुरुवातीला गेले. पुन्हा तिथेच अडले. तिसऱ्यांदाही. मग मी हात पट्ट्यांवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

हॉलमध्ये फक्त एसीची घरघर होती. पुढच्या रांगेतल्या मुलांनी माना खाली घातल्या होत्या, तो एकटा माझ्याकडे बघत होता. मी उठले, नमस्कार केला आणि विंगेत गेले. मागून टाळ्या आल्या. त्या टाळ्या माझ्या दुःखावर फुंकर म्हणून होत्या हे कळत होतं, म्हणूनच त्या सहन होत नव्हत्या. सहकारी नोटेशनचं पुस्तक घेऊन उभा होता. “हे समोर ठेव आणि पुढे वाजव,” तो म्हणाला. मी नाही म्हटलं.

पुढे कितीतरी दिवस मी कारणं देत होते. भाड्याचा ग्रँड पियानो पाय काढून, आडवा करून टेम्पोतून आला होता, त्याला स्थिर व्हायला वेळच मिळाला नाही. आत २०० हून अधिक तारा, त्यांचा एकूण ताण १५ ते २० टन. मेमधल्या ठाण्याच्या दमट हवेत लाकूड फुगतं, स्वर चढतो, एसी लावला की उतरतो. सकाळपासून चार वर्ग घेतले होते. यातलं काहीही खोटं नाही. पण विसरायला यातलं काहीही कारण नव्हतं. मी ते फ्यूग बोटांनी पाठ केलं होतं. कुठलाही आवाज एकटा गाऊन दाखव म्हटलं असतं तर मला आला नसता. ख्याल गाणारा जागा विसरला तर रागाच्या आत दुसरी वाट काढतो. फ्यूगमध्ये ती सोय नाही. पुढचा प्रत्येक स्वर लिहून ठेवलेला आहे.

तरी विसरल्याची बोच आता राहिलेली नाही. नाही म्हटल्याची आहे. त्या फ्यूगनंतर विलाप परत येतो, आता जी मायनरमध्ये, ओळी श्वासाश्वासाला तुटलेल्या; बेथोव्हेननं तिथे थकून गेल्यासारखं वाजवा असं लिहिलंय. मग जी मेजरचा एकच स्वरसमूह दहा वेळा येतो, प्रत्येक वेळी वाढत. आणि तोच विषय उलटा होऊन, मघाशी जिथे चढला तिथे उतरत, हळूहळू जीव धरतो. मुलांनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांना तिथे घेऊन जाणार म्हणून मी हा सोनाटा निवडला होता, आणि त्याच्या जेमतेम मिनिटभर आधी उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. इन्व्हेन्शन सुरू केलं, त्याच ठिकाणी अडला आणि हात उचलून मांडीवर ठेवले. माझ्याकडे बघितलं. आदल्या सकाळी जे बोलले त्याबद्दल तिथेच, सगळ्यांसमोर माफी मागायला हवी होती. मी म्हणाले, “पुढे कोण?”

त्यानंतर तो आला नाही. वडिलांचा फोन आला, दहावीची व्हेकेशन बॅच सुरू झाली म्हणून. ते खरंही असेल.

पुढच्या वर्षी मी फक्त शिकवलं. तुम्ही सगळे सुचवता ते मी करून पाहिलंय. दहा दिवसांत माझं बोलणं हुकमासारखं झालं: खांदे सैल सोड, घाबरू नकोस. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, वाजवण्याआधी हात गार पडतात,” आणि मी म्हणाले, “चोळ.” माझे हात त्या वर्षी गार पडणारच नव्हते, त्यामुळे तिचं मला ऐकूच आलं नाही. त्यापुढच्या मेमध्ये मी पुन्हा वाजवायला बसले. आता प्रत्येक मुलाकडून रचनेतल्या आठ जागा पक्क्या करून घेते, कुठूनही सुरू कर म्हटलं की करता आलं पाहिजे. स्वतः नोटेशन समोर ठेवते. रिख्टरसारखा वादक उतारवयात अंधाऱ्या हॉलमध्ये एक दिवा लावून पुस्तकावरून वाजवत असे. पूर्वीची मी याला कमीपणा म्हणाले असते, आणि पाठ वाजवताना हात जसे मोकळे असतात तसे आता नसतात, हे तिचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही.

बहीण म्हणते, क्रिकेटचा कोच कुठे बॅट घेऊन उतरतो? त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. वाजवल्यानं मी बरी शिक्षिका होते असं मला वाटतं. त्या मुलाला विचारलं तर तो काय म्हणेल, कोण जाणे. त्याच्या वडिलांचा नंबर अजून माझ्याकडे आहे.

यंदा दुसऱ्या संध्याकाळी ओपस ११० ठेवलाय. पानं उलटायला हात गार पडणारी ती मुलगी बसणार आहे, आता ती बारावीत आहे. मी अडलेली जागा तिला पेन्सिलीनं खूण करून दाखवली. तिनं विचारलं, “इथे थांबलात तर मी काय करू?” मी म्हटलं, “पुढच्या ओळीवर बोट ठेव.”