आमची वाटचाल: उद्यमबागेतलं मशीन शॉप आणि सोमवारची प्रार्थना

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं लहानसं मशीन शॉप आहे. उद्यमबाग, मच्छे आणि होनगा इथल्या फौंड्र्यांतून (ओतशाळांतून) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतात, आम्ही त्यांचं टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग, टॅपिंग करून देतो. बहुतेक काम पंप बॉडी, व्हॉल्व्ह बॉडी आणि बेअरिंग हाउसिंगचं. काही गिऱ्हाइकं कोगनोळीच्या सीमेपलीकडची, म्हणजे महाराष्ट्रातल्या गोकुळ शिरगाव आणि शिरोलीची. सुरुवात जुन्या लेथवर झाली, मग कर्ज काढून सीएनसी आणि व्हीएमसी ही संगणकावर चालणारी मशीनं आली. बेळगावातल्या बहुतेक जॉबवर्कवाल्यांची वाटचाल अशीच असते, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

सांगण्यासारखी आहे ती एक शिस्त. आम्ही मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतले. शॉपमध्ये दर सोमवारी पहिल्या पाळीच्या आधी पंधरा मिनिटं प्रार्थना होते, आणि ती हिशेबाचा कागद समोर ठेवून होते. मंदीत धंद्यासाठी नेमकी काय प्रार्थना करायची, असं ओळखीचे कारखानदार विचारतात. हा मजकूर त्यांच्यासाठी.

आधी मंदी जॉबवर्कवाल्यापर्यंत कशी पोचते ते पाहू. गाड्यांची किंवा पंपांची मागणी घसरली की फौंड्री आधी मेल्टिंगचे, म्हणजे धातू वितळवण्याचे, दिवस कमी करते. मग बाहेर दिलेलं मशीनिंग स्वतःच्या रिकाम्या मशीनवर ओढून घेते. राहिलेल्या कामाचा दर कमी करायला सांगते आणि पैसे द्यायला उशीर करते. इकडे बिल फाडलं की त्यावरचा जीएसटी ठरल्या तारखेला भरावाच लागतो, मग पैसे आलेले असोत की नसोत. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, १ जुलै २०१७ चा जीएसटी, २०१९ ची वाहनउद्योगाची घसरण, २५ मार्च २०२० चा लॉकडाऊन, अशा प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं, पण फास बसला तो याच ठिकाणी, म्हणजे येणं आणि देणं यांच्या तारखांत. म्हणून आमच्या प्रार्थनेतही तारखा असतात.

"प्रभू, धंद्याला बरकत दे" ही प्रार्थना चुकीची नाही. पण ती करून उठलेला माणूस सोमवारी काय करणार, हे तिच्यातून कळत नाही. आम्हाला नमुना सापडला तो २ राजे १९:१४ मध्ये. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं तेव्हा हिज्कीया राजाने ते वाचलं, मंदिरात नेलं आणि परमेश्वरापुढे पसरलं. आधी वाचलं, हे महत्त्वाचं. बँकेचं पत्र न फोडता ड्रॉवरमध्ये टाकून गुडघे टेकणारे कमी नाहीत.

कागद असा असतो. डाव्या बाजूला महिन्याची देणी, तारखेसह. नमुन्यादाखल: ७ तारखेच्या आत पगार १,९०,०००, १० ला बँकेचा हप्ता ८४,०००, १५ ला पीएफ-ईएसआय २६,०००, २० ला जीएसटी ६२,०००, हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल ४८,०००, शेडभाडं ३०,०००. एकूण ४,४०,०००. उजव्या बाजूला येणी, दोन भागांत: ४५ दिवसांच्या आतली आणि ४५ दिवस उलटून गेलेली. एकूण येणं नऊ लाखांवर दिसत असलं, तरी या महिन्यात खात्रीने येणारे २,७५,०००. तूट १,६५,०००. प्रार्थना या एक लाख पासष्ट हजारांची. नऊ लाखांकडे पाहिलं तर खोटा धीर येतो, आणि नुसत्या देण्यांकडे पाहिलं तर पाय गळतात. येणं धरताना "देतो म्हणालेत" हे शून्य धरायचं. चेक हातात असेल किंवा बँकेत जमा झाल्याचा मेसेज आला असेल तरच आकडा.

कागदाच्या खाली दोन ओळी मोकळ्या असतात: हातात असलेलं काम किती मशीन-तासांचं आहे, आणि या आठवड्यात कुणाला भेटायचं आहे.

प्रार्थनेचा क्रम साधा. एक स्तोत्र, बहुधा १२७ वं किंवा १२१ वं. मग कागद मोठ्याने वाचायचा. मग कबुली, आणि ती कामाच्या भाषेत: बोअर (आतलं भोक) मापाबाहेर गेलेला जॉब, म्हणजे मशीनिंग केलेला भाग, बिनबोभाट पाठवला का, तपासणीच्या रिपोर्टमध्ये न मोजलेलं माप भरलं का, चिपचं (कापून निघालेल्या धातूच्या किसाचं) वजन करताना भंगारवाल्याला किंवा फौंड्रीला फसवलं का. लेवीय १९:३५-३६ आणि नीतिसूत्रे ११:१ हे दोन्ही उतारे खोट्या मापावरच आहेत, आणि मायक्रोमीटर हेही मापच. त्यानंतर विनंती, गिऱ्हाइकांसाठी आणि कामगारांसाठी मध्यस्थीची प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. घरची मराठी, पण येणाऱ्यांत कन्नड बोलणारा कुणी असला की तो कन्नडमध्ये म्हणतो. आमेननंतर कागदावर आजचं एकच काम लिहायचं: एक फोन, एक भेट किंवा एक पत्र.

विनंतीचा मजकूर मंदीच्या दिवसांत साधारण असा असतो:

"हे स्वर्गीय पित्या, या महिन्याचं येणं आणि देणं तुझ्यापुढे ठेवलं आहे. सात तारखेला कामगारांच्या हातात त्यांचा पूर्ण पगार पडू दे. ज्यांच्याकडे आमचे पैसे अडकलेत त्यांचाही माल विकला जावो, त्यांचीही भट्टी पेटो. जे फेडू शकणार नाही ते कर्ज घेण्यापासून आम्हाला राख. खोट्या मापाने मिळणारं काम आम्हाला नको. आजच्या भेटीत सरळ बोलायचं धैर्य दे. आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. आमेन."

फेडू शकणार नाही त्या कर्जाची ओळ आमची नाही. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांनी १७४३ मध्ये मेथडिस्टांसाठी सामान्य नियम काढले. फेडण्याची शक्यता नसताना कर्ज घेऊ नये, पैसे देता येतील असं दिसत नसताना उधारीने माल उचलू नये आणि जकात चुकवलेल्या मालाचा व्यवहार करू नये, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. बिनबिलाचा माल घेताना हे आठवतं. फौंड्रीच्या गावाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट म्हणजे लंडनमध्ये वेस्लींचं ठाणं होतं एका जुन्या, बंद पडलेल्या तोफांच्या ओतशाळेत, आणि लोक त्याला फौंड्रीच म्हणत. १७४६ मध्ये तिथूनच त्यांनी गरजूंसाठी उसनवारीचा निधी सुरू केला: जास्तीत जास्त वीस शिलिंग, तीन महिन्यांत परतफेड. रक्कम लहान आणि मुदत ठाम. मंडळीतल्या कुणाला धंद्यासाठी हातउसने द्यायचे तर हाच नियम बरा वाटतो.

आता प्रार्थना कुठे बिघडते ते. सगळ्यात मोठी अडचण गुप्ततेची. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "आमच्या बँकेच्या हप्त्यासाठी प्रार्थना करा" असं टाकलं की दुपारपर्यंत उद्यमबागेत बातमी होते. इन्सर्ट आणि ड्रिल ही कापायची हत्यारं देणारा टूलवाला उधारी बंद करून रोख मागतो, आणि जी तूट नव्हती ती तयार होते. म्हणून सभेत किंवा कॉटेज प्रार्थनेत (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) फक्त "कामासाठी प्रार्थना करा" एवढंच सांगावं. आकडे पाळकांना आणि विश्वासातल्या एक-दोन वडीलधाऱ्यांना. कामगाराच्या घरच्या कर्जाचा उल्लेख त्याला विचारल्याशिवाय प्रार्थनेतही नको.

दुसरं, सक्ती. आमच्याकडे हिंदू, मुसलमान, जैन, ख्रिस्ती सगळे कामाला आहेत. प्रार्थना केबिनमध्ये होते, शॉप फ्लोअरवर नाही, हजेरी आठ वाजताच लागते, आणि न येणाऱ्याला त्याचं काहीही सोसावं लागत नाही. खंडेनवमीला ऑपरेटर आपापल्या मशीनची पूजा करतात. त्याआधी मशीन धुऊनपुसून, चिप काढून देण्याची जबाबदारी शॉपची. मालकाला खूश करायला केलेलं आमेन कुणाच्याच उपयोगाचं नाही.

तिसरं, तेल आणि उपास. मशीनला तेलाने अभिषेक करायचाच असेल तर बाहेरच्या पत्र्यावर बोट टेकवावं. चकच्या जॉवर, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीवर, तेल लागलं की जॉब घसरतो. उपवासकाळात उपाशीपोटी लेथवर उभं राहणं धोक्याचं आहे. ज्याचा उपास त्याने त्या दिवशी पॅकिंग किंवा तपासणी करावी.

चौथं, दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग मंडळीला देणं. तो पूर्ण बिलावर काढू नये. १८ टक्के कराचं १,१८,००० चं बिल असेल तर १८,००० सरकारचे आहेत, उरलेल्यांतूनही पगार आणि टूलिंग जायचं आहे. मंदीत कधी फायदाच नसतो, तेव्हा दशमांशही नसतो, आणि त्याची लाज नको. "इतके पेरा, दसपट येईल" असं सांगून अडचणीतल्या माणसाकडून पैसे मागणाऱ्यापासून चार हात दूर राहावं. पगार थकवून दिलेलं अर्पण याकोब ५:४ पुढे, म्हणजे मजुरी अडवणाऱ्यांना सुनावणाऱ्या वचनापुढे, टिकत नाही.

पगारासाठी आमचा उपाय अगदी गावठी आहे: पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी जमा करायची बचत. सोसायटीचा एजंट रोज येतो. दिवसाला ५०० म्हटलं तरी २६ दिवसांचे १३,००० होतात, आणि कामाचे दिवस असताना साठलेली ही रक्कम फक्त पगारालाच वापरायची. लिलावाच्या भिशीवर मंदीत विसंबू नये. सगळ्यांनाच पैसे हवे असल्याने बोली, म्हणजे सोडून द्यायची रक्कम, फुगते आणि हातात फारच कमी पडतं.

थकलेल्या बिलाचं काय? क्षमा करायची म्हणजे बिल सोडून द्यायचं, असं आम्ही मानत नाही. राग सोडायचा, हिशेब नाही. मत्तय १८:१५-१७ मधला क्रम वसुलीलाही लागू पडतो. आधी एकट्याने जाऊन भेटायचं, फोन नाही, भेट. मग आणखी एक-दोघांना घेऊन, म्हणजे त्यांचा खरेदी-प्रमुख आणि आपला हिशेबनीस, सह्या केलेली डिलिव्हरी चलनं समोर ठेवून. त्यानंतरच तिसरी पायरी, म्हणजे कायद्याची. लघु-मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत, करार नसेल तर मुदत १५ दिवसांची; त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रार सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर करायची, ती पुढे फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे, जाते. त्यासाठी आपली उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आणि चलनावर माल मिळाल्याची तारीख लागते. तारीख नसलेलं चलन तिथे लंगडं पडतं. पलीकडच्या राज्यातून जॉबवर्कला माल येत असेल तर रक्कम कितीही असो, ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) लागतं. तेही जपून ठेवावं, पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

गिऱ्हाईक ख्रिस्ती असेल तर १ करिंथ ६ प्रमाणे आधी मंडळीतल्या दोन जाणत्यांपुढे बसतो. बहुतेकदा तिथे हप्ते ठरतात.

बँकेकडे लवकर जावं. हप्ता चुकल्यापासून ३० दिवसांपर्यंत खातं एसएमए-० मध्ये, म्हणजे थकू लागलेल्या कर्जांच्या पहिल्या टप्प्यात, असतं, मग १, मग २, आणि ९० दिवसांनंतर एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. पहिल्या टप्प्यात मॅनेजरच्या हातात बरंच काही असतं, शेवटच्या टप्प्यात जवळजवळ काही नसतं. जाताना जीएसटी रिटर्न, स्टॉक स्टेटमेंट, हातातल्या ऑर्डरच्या प्रती आणि तो सोमवारचा कागद घेऊन जावा. महिन्याला किती भरता येईल तो आकडा आपणच सांगावा. काम खूप कमी झालं असेल तर हेस्कॉमकडे मंजूर भार कमी करण्याचा अर्जही करून टाकावा, कारण मशीन बंद असलं तरी फिक्स्ड चार्ज चालूच राहतो. मात्र पुन्हा भार वाढवताना खर्च येतो, तेव्हा दोन महिन्यांच्या मंदीसाठी ते करू नये. नवं कर्ज मिळालं की लगेच मंडळीत देवाच्या मदतीची साक्ष द्यायला उभं राहू नये, असं आमचं मत आहे. २०२० मध्ये सरकारी हमीवर २९ फेब्रुवारीला बाकी असलेल्या कर्जाच्या २० टक्के जादा कर्ज मिळालं, त्याने खूप शेड तगल्या. पण ते फेडायचं कर्जच होतं. २ राजे ४ मधल्या विधवेलाही तेल मिळाल्यावर अलीशाने आधी सांगितलं ते तेल विकून देणं फेडायला, आणि मग उरलेल्यावर जगायला.

आणि कधी कधी उत्तर शेड बंद करा असंच असतं. सलग काही महिने तूट वाढत असेल, हातातलं काम उपलब्ध मशीन-तासांच्या चौथाईपेक्षा कमी असेल आणि पगारासाठी दागिने गहाण ठेवायची वेळ आली असेल, तर हबक्कूक ३:१७-१८ (पीक गेलं तरी देवात आनंद करीन, हे वचन) वाचून पुढच्या आठवड्यापासून बंद करण्याची तयारी सुरू करावी. नवा अॅडव्हान्स घेऊ नये. फौंड्र्यांची कास्टिंग, फिक्स्चर (जॉब बसवायच्या चौकटी) आणि गेज (माप तपासायची साधनं) मोजून, सही घेऊन परत करावेत, कारण ते आपले नाहीत. मशीन गहाण असेल तर विकण्याआधी बँकेची लेखी परवानगी घ्यावी. मशीन चालू स्थितीत, ट्रायल जॉब काढून दाखवून विकावं. वीज तोडल्यावर तेच मशीन भंगाराच्या भावाकडे सरकतं. आलेल्या पैशांतून बँकेचा वाटा ठरला की आधी कामगारांचा पगार आणि ग्रॅच्युइटी, मग पीएफ आणि कर, मग टूलवाले आणि ट्रान्सपोर्टवाले. घरच्यांची उसनवारी सगळ्यात शेवटी.