आजोबांची बुळकांडी आणि सेरेंगेटीचे मैदान

पेंचच्या जंगलात प्राणी आधी कानाला कळतो. सागाच्या रानात चितळाने धोक्याची हाक दिली, वर झाडावरचे वानर खेकसले, की सगळ्यांनी श्वास रोखून त्या दिशेला पाहायचे, ही सवय मला नागपूरला शिकत असताना इतकी अंगवळणी पडली होती की टांझानियात पोहोचल्यावर पहिले दोन दिवस मी डोळ्यांऐवजी कानच टवकारून बसत होते. तिथे त्याची गरज नव्हती. न्दुतूच्या परिसरात, जिथे सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान आणि न्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्र एकमेकांना भिडतात, तिथे फेब्रुवारी महिन्यात घोट्याएवढे गवत असते आणि त्यावर क्षितिजापर्यंत जनावरेच जनावरे असतात.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मी तिथे काही आठवडे क्षेत्रकार्यासाठी गेले होते. आमचे काम साधे पण चिकाटीचे होते. ठरलेल्या रेषेवरून गाडी हळूहळू न्यायची, दुर्बिणीतून विल्डबीस्टचा, म्हणजे गुरांसारख्या दिसणाऱ्या मोठ्या कुरंगांचा, कळप पाहायचा आणि दर शंभर माद्यांमागे या वर्षीची पिल्ले किती, हे नोंदवायचे. विल्डबीस्टला स्वाहिलीत न्युंबू म्हणतात. आमचे चालक गाडीला ‘गारी’ म्हणत आणि हा शब्द आपल्याच बाजूने समुद्र ओलांडून तिकडे गेलेला आहे हे कळल्यावर मला उगीचच घरच्यासारखे वाटू लागले.

या मैदानावर झाडे का नाहीत, हा माझा पहिला प्रश्न होता. पूर्वेकडच्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षे वाऱ्याबरोबर येऊन इथे साचली आणि तिच्यातल्या क्षारांमुळे जमिनीखाली सिमेंटसारखा कडक थर तयार झाला. झाडाची मुळे तो फोडू शकत नाहीत, गवताला मात्र वरची थोडी माती पुरते. त्यांपैकी ओल डोइन्यो लेंगाई या ज्वालामुखीचा सुळका आम्हाला स्वच्छ सकाळी दूरवर दिसत असे. राखेतून आलेले कॅल्शियम आणि फॉस्फरस गवतात उतरतात, म्हणून पाऊस पडताच गाभण माद्या याच मैदानाकडे वळतात. दूध देणाऱ्या जनावराला काय चारावे हे आपल्या शेतकऱ्याला जसे ठाऊक असते, तसे त्या कळपालाही ठाऊक असावे असे मला तिथे वारंवार वाटले.

एका सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या गाडीपासून तीसेक पावलांवर एक मादी कळपातून किंचित बाजूला होऊन बसली, उठली, पुन्हा बसली. मागून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते आणि त्यांच्यावरचे ओले आवरण उन्हात चमकत होते. इंजिन बंद होते. कोणी बोलत नव्हते. पिल्लू गवतावर घसरले तेव्हा मी घड्याळ पाहिले, कारण तेच माझे काम होते. आईने चाटायला सुरुवात केली, पिल्लाने मागचे पाय ताठ केले आणि ते नाकावर आपटले. दुसऱ्यांदा ते गुडघ्यांवर राहिले. तिसऱ्यांदा चारही पाय वेडेवाकडे फाकवून उभे राहिले आणि थरथरत आईच्या पोटाखाली तोंड खुपसू लागले. वहीत मी ‘आठ मिनिटे’ असे लिहिले आणि अक्षर इतके हलले की संध्याकाळी ते मलाच पुन्हा लिहावे लागले.

दरवर्षी या कळपात सुमारे पाच लाख पिल्ले जन्मतात आणि त्यांतली बहुतेक दोन-तीन आठवड्यांतच. शिकारी प्राणी खाऊन खाऊन किती खातील? एकाच वेळी एवढी पिल्ले आली की त्यांची भूक संपते, पिल्ले संपत नाहीत. अर्थात हे गणित कळपाचे आहे. एकट्या पडलेल्या, आई हरवलेल्या आणि आमच्या गाडीलाच आई समजून मागे पळत येणाऱ्या पिल्लाला त्याचा काहीही उपयोग नसतो. अशा एका पिल्लापासून आम्हाला गाडी जोरात दूर न्यावी लागली. तो प्रसंग मी विसरू शकलेले नाही.

सिंह पाहिले, चित्तेही पाहिले. जो प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले, तो समोर वारुळावर बसून राहिलेला पाहताना गळा दाटून आला. पण माझे मन सर्वांत जास्त गुंतले ते ठिपकेदार तरसांत. विदर्भातले पट्टेरी तरस रात्री एकटे फिरते आणि आपल्याकडे त्याच्याविषयी किळस आणि भीती यांपलीकडे फारसे कोणी बोलत नाही. इथे मात्र बिळाच्या तोंडाशी काळी कुळकुळीत पिल्ले लोळत होती आणि त्यांतल्या एकाने येऊन आमच्या टायरला दात लावून पाहिले. भोवती पांढरी विष्ठा पडलेली होती. हाडे पचवल्यामुळे ती अशी खडूसारखी होते आणि पेंचलाही तरसाची खूण मी तिच्यावरूनच ओळखायला शिकले होते. या प्राण्यांत सत्ता मादीची असते, आईचे स्थान पिल्लाला मिळते आणि त्यांच्या खाण्यातला मोठा वाटा त्यांनी स्वतः शिकार करून मिळवलेला असतो. त्यांना ‘उष्टे खाणारे’ म्हणणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पण ज्या गोष्टीने माझ्या अभ्यासाची दिशा बदलली, ती त्या मैदानावर दिसत नव्हती. एका रात्री शिबिरात आमच्या मार्गदर्शकांनी रिंडरपेस्टविषयी सांगायला सुरुवात केली आणि गुरांचा ताप, तोंडातले फोड, हगवण ही लक्षणे ऐकता ऐकता मला एकदम जाणवले की ही तर बुळकांडी! पारशिवनीकडच्या आमच्या गावात आजोबा हा शब्द आजही आवाज खाली आणून उच्चारतात. “बुळकांडी आली का गोठाच रिकामा होते,” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकले आहे.

ही बुळकांडी १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत पसरली. मसाई लोकांची गुरे मेली, माणसे उपाशी मेली आणि विल्डबीस्ट व रानम्हशींचे कळपही कोसळले. पुढे अनेक दशके विल्डबीस्टची पिल्ले आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती संपली की वर्षाच्या आत मरत राहिली. तेव्हा रानातली जनावरेच गुरांना रोग देतात, असे मानले जाई. उद्यानाभोवतीच्या गुरांना लस टोचली गेली आणि १९६३ पर्यंत विल्डबीस्टमधूनही रोग नाहीसा झाला, तेव्हा रोगाचा मुक्काम गोठ्यात होता हे सिद्ध झाले. १९६१ साली सुमारे अडीच लाख असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या वर गेले. त्यांनी गवत खाल्ले, त्यामुळे वणवे कमी झाले आणि वणवे कमी झाल्यामुळे उद्यानाच्या इतर भागांत झाडे वाढली. मी ज्या कळपात पिल्ले मोजत होते, तो कळप गुरांना दिलेल्या लशीमुळे उभा होता. भारतात या रोगाची शेवटची नोंद १९९५ ची आहे आणि २०११ साली तो जगातूनच संपल्याचे जाहीर झाले.

रोगाची वाट एकाच बाजूची नाही, हेही सांगायला हवे. विल्डबीस्टच्या पिल्लांकडून गुरांना एक जीवघेणा विषाणूजन्य ज्वर होतो, म्हणून विणीच्या हंगामात मसाई गुराखी या मैदानापासून आपली गुरे दूर नेतात. इतके चांगले गवत डोळ्यांसमोर सोडून जायचे, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समज आहे. आणि १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह ज्या कॅनाइन डिस्टेंपरने मेले, तो रोग पाळीव कुत्र्यांचा होता. २०१८ साली गीरमध्येही त्याच विषाणूने सिंह मेले. पेंचच्या सीमेवरच्या गावांत कुत्री रात्री रानात शिरतात, वाघाने मारलेल्या जनावरावर जातात, हे आम्ही सगळे पाहत आलो आहोत, पण त्याची मोजदाद करावी असे मला आजवर सुचले नव्हते. परतल्यावर मी प्रबंधाचा विषय बदलून घेतला. आता मी त्या गावांतल्या घराघरांत जाऊन कुत्री किती, त्यांना लस कोणती, ती रात्री कुठे असतात, हे विचारते.

गेल्या महिन्यात याच कामासाठी आजोबांच्या गावी मुक्काम होता. त्यांना मी बुळकांडीची सगळी हकिकत सांगितली आणि मोबाइलवर त्या सकाळचे चित्रण दाखवले. चष्मा वर करून त्यांनी ते दोनदा पाहिले.

“किती वेळ लागला त्याले उभं राहाले?”

“आठ मिनिटं, आजोबा.”

“आपल्या गाईच्या वासराले तं तासभर लागते,” ते म्हणाले, आणि तिसऱ्यांदा लावायला सांगितले.