पार्सलवरचं नाव, आधारवरचं नाव

सिएटलहून निघालेली रेकॉर्ड पाच दिवसांत मुंबईच्या विमानतळावर उतरली. तिथून नाशिकला माझ्या दारात यायला तिला एकवीस दिवस लागले. या गोष्टीला आता चार महिने झाले, तरी ट्रॅकिंगच्या पानावरची ती ओळ आठवली की डोकं तडकतं: 'कागदपत्रं जुळत नाहीत.' कुठला कागद, त्यातला कुठला शब्द, हे कुणी सांगायला तयार नव्हतं. बाहेरून रेकॉर्ड मागवणाऱ्या, लग्नानंतर आडनाव बदललेल्या कुठल्याही बाईवर ही वेळ येऊ शकते, म्हणून लिहून ठेवतेय.

मागवली होती 'द पोस्टल सर्व्हिस' या अमेरिकन जोडीची 'गिव्ह अप'. अल्बम २००३ सालचा, दहा गाण्यांचा. २००९मध्ये पुण्यात हॉस्टेलला असताना तो रूममेटच्या हार्ड डिस्कवरून माझ्याकडे आला, तो 'न्यू इंग्लिश' नावाच्या फोल्डरमध्ये, 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' असा. गातंय कोण, वाजवतंय कोण, काही पत्ता नाही. सबमिशनच्या रात्री मी तीच दहा गाणी कानात घालून बसायचे. खाली कॉम्प्युटरचे टकटक ठोके, आणि त्यावर शेजारी बसून बोलावं तसा एका माणसाचा साधा आवाज. इंडी रॉक, इलेक्ट्रॉनिक पॉप हे शब्दसुद्धा तेव्हा मला माहीत नव्हते. गाणं ओळखणारं ॲप फोनवर आलं तेव्हा कुठे अल्बमचं नाव कळलं. सहा वर्षं मी बिननावाचंच ऐकत होते.

नाव कळल्यावर त्यामागची गोष्टही कळली. जिमी टॅम्बोरेलो लॉस एंजेलिसला राहायचा, बेन गिबर्ड सिएटलला. जिमी ठोके आणि सूर रचून टपालानं पाठवायचा, बेन त्यावर चाल आणि शब्द चढवून परत पाठवायचा. असा तो अल्बम झाला आणि म्हणून जोडीचं नाव तसं. पुढे अमेरिकेच्या टपाल खात्यानं नावावर हरकत घेतली. २००४मध्ये समझोता झाला: नाव वापरा, बदल्यात टपालाचा प्रचार करा. मग खात्यानं आपल्या वेबसाइटवर हा अल्बम विकायलाही ठेवला. हे वाचलं तेव्हाच ठरवलं की या अल्बमचं पाकीट आपल्या हातात हवं, त्यावरची सगळी नावं आपण वाचायची.

ऑर्डर देणं, पैसे भरणं यात काही त्रास झाला नाही. (कार्डाचं आंतरराष्ट्रीय वापराचं बटण बँकेच्या ॲपमध्ये आधी चालू करून घ्या, बहुतेक कार्डांवर ते मुळातच बंद असतं.) दुकानातलं माझं खातं लग्नाआधीचं, त्यामुळे पार्सलवर माहेरचं नाव गेलं. तेव्हा ते लक्षातही आलं नाही.

मुंबईत उतरल्यावर कुरिअर कंपनीचा मेल आला: कस्टम्ससाठी केवायसी करा, म्हणजे ओळखपत्र द्या. मी ई-आधार चढवलं, नाकारलं गेलं. कारण दिलेलं नव्हतं. दोन दिवसांनी माझं मलाच सुचलं की ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो, ती समोर उघडतच नसणार. मग कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून एक फाइल केली. ती एक एमबीच्या वर गेली म्हणून घेतली नाही. बारीक केली, तेव्हा गेली. मी सुटकेचा श्वास टाकला. तिसऱ्या दिवशी ती ओळ आली: कागदपत्रं जुळत नाहीत.

तिथून पुढे फोन. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, दर वेळी नवा तक्रार क्रमांक आणि 'मॅम, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत होऊन जाईल'. एका वहीत मी हे सगळे क्रमांक लिहीत गेले, सात झाले. एकानं सांगितलं, पत्त्याचा पुरावा वेगळा लागेल. लाइट बिल दिलं, ते सासऱ्यांच्या नावावर. एकीनं सांगितलं, दुकानाचं बिल लागेल. ते दिलं. आडनावाचा घोळ असणार हा अंदाज मला आठव्या दिवशी आला, तेव्हा मी लग्नाच्या नोंदणीचा दाखला, आपला नमुना ई, पाठवला. त्यावर दोन्ही नावं आहेत, शिक्का आहे, सही आहे. आमचा दाखला ग्रामपंचायतीचा, हातानं भरलेला, मराठीत. उत्तर आलं: इंग्रजीत द्या. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीनं मराठीत दिलेला कागद मुंबईत बसलेल्या माणसाला चालत नाही, याचा मला जेवढा राग आला तेवढा सगळ्या एकवीस दिवसांत कशाचा आला नाही. तो राग अजून गेलेला नाही.

बाहेर एप्रिल तापत होता. विनाईल, म्हणजे रेकॉर्डचं प्लास्टिक, उन्हात वाकतं आणि एकदा वाकलं की सुई लाटेवरच्या होडीसारखी खाली-वर होते. गोदामात पंखा तरी असेल का, पार्सल पत्र्याला लागून तर नसेल ना, हाच विचार. घरात नवरा म्हणाला, 'अगं, जाऊ दे, पैसे परत माग.' पैशांचा प्रश्न नव्हता. दोन माणसांनी टपालानं पाठवून-पाठवून केलेली गोष्ट माझ्या नावाच्या एका शब्दापायी अडकून पडावी, हे मला सहन होत नव्हतं.

पंधराव्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि कंपनीच्या नाशिकच्या शाखेत गेले. औद्योगिक वसाहतीत एक शटर, आत लोखंडी मांडण्या, टेबलामागे विशीतला एक मुलगा. 'ही मुंबईची केस आहे, आमच्या हातात काही नाही,' तो म्हणाला. मी म्हटलं, 'हातात नसू दे. स्क्रीनवर काय लिहिलंय तेवढं वाचून दाखव.' त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मॉनिटरच माझ्याकडे फिरवला. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं होतं की पार्सल ज्याच्या नावे आहे ते नाव ओळखपत्रावर नाही. दोन आठवडे जे मला कुणी सांगत नव्हतं, ते एवढंच होतं.

'ताई, या नावाचं तुमच्याकडे काहीच नाही का? पॅन, पासपोर्ट?'

पासपोर्ट! लग्नाआधी काढलेला, मुदत शिल्लक असलेला, घरच्या कपाटात कापडी पिशवीत. त्यावर माहेरचं नाव, आणि शेवटच्या पानावर पत्तासुद्धा. पत्ता जुना होता, पण त्या मुलानं सांगितलं की नाव जुळलं की पुढे जातं, पत्त्यासाठी आधार जोडा. तिथूनच घरी फोन केला, सासूबाईंनी दोन्ही पानांचे फोटो पाठवले, त्यानंच ते चढवून दिले. दुसऱ्या दिवशी कस्टम्स ड्यूटी भरायचा मेसेज आला. ड्यूटी आणि कंपनीचं शुल्क मिळून रेकॉर्डच्या किमतीच्या जवळपास निम्मे पैसे गेले. ते धरूनच बाहेरून मागवायचं की नाही हे ठरवा. त्या मुलाचं नाव विचारायचं राहिलं, याची मला खंत आहे.

तर, पार्सलवरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. खातं कुठल्याही नावाचं असू दे, पत्त्यातलं नाव बदलता येतं. आणि फोनवर दोनदा तेच उत्तर मिळालं, की तिसरा फोन करू नका, जवळच्या शाखेत जाऊन उभ्या राहा.

रेकॉर्ड सरळ निघाली. फक्त पाकिटाचा एक कोपरा दबला होता. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, जुन्या एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर मी ती लावली नाही. त्या मशिनची सुई जड असते, नव्या रेकॉर्डच्या खाचा खरवडते. बाबांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या त्यावर, माझ्या रेकॉर्डसाठी हलक्या सुईचं वेगळं मशिन. रेकॉर्ड घेण्याआधी मशिन घ्या, हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

आणि मग मी पाकीट वाचलं. इतकी वर्षं 'ट्रॅक ०४' म्हणून ऐकलेल्या गाण्यात बेनला भांडून उत्तरं देणारी बाई जेन वूड आहे. इतर काही गाण्यांत मागून येणारा आवाज जेनी लुईसचा, ती 'रायलो कायली' या बँडची. त्यांचा २००२चा 'द एक्झिक्यूशन ऑफ ऑल थिंग्ज' ऐकला, त्यात ठोके कमी आणि गिटार जास्त, मला आवडला. जिमी 'डंटेल' या नावानं एकटा काम करतो. २००१च्या त्याच्या अल्बममध्ये बेन एक गाणं गायला, तिथूनच या जोडीला सुरुवात झाली. त्या गाण्याची नवी रूपं काढणाऱ्यांत 'लाली पुना' या बँडचं नाव दिसलं. हे जर्मनीतले लोक. त्यात तेव्हा असलेला मार्कुस आखर 'द नोटविस्ट' या बँडचाही आहे, बव्हेरियातल्या वाइलहाइम या छोट्या गावचा. 'द नोटविस्ट'चा २००२चा 'नियॉन गोल्डन' मी पहिल्यांदा रात्री अकराला लावला आणि दीड वाजेपर्यंत तोच लावत राहिले. ॲप मला दहा वर्षं 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून जे वाढत होतं त्यात हा कधीच आला नव्हता. एका नावाला धरून दुसऱ्याकडे जायला मला एक आठवडा पुरला.

पाकीट हातात असायलाच हवं असं नाही. डिस्कॉग्ज या वेबसाइटवर अल्बमची श्रेयनामावली असते, नावावर बोट ठेवलं की त्या माणसाची बाकीची कामं उघडतात. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं असतात. आपल्याला मनापासून आवडलेला, फारसा कुणाला माहीत नसलेला अल्बम घ्या, त्याखालच्या एखाद्या अनोळखी माणसाचा संग्रह उघडा आणि तासभर त्यात बसा. कोलकात्याच्या 'पारेख अँड सिंग'चा 'ओशन' मला असाच सापडला, आणि तिथून दिल्लीची 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी'. दोन्ही आपल्याकडचे. सिएटलचं केईएक्सपी रेडिओ स्टेशन नेटवर फुकट ऐकता येतं, तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. वाजणाऱ्या प्रत्येक गाण्याचा अल्बम आणि साल त्यांच्या पानावर येतं. स्वयंपाक करताना मी ते लावते आणि ओट्याच्या कडेला पेन्सिल ठेवते.

'नियॉन गोल्डन'ची रेकॉर्ड गेल्या आठवड्यात मागवली. पत्त्यात आधारवरचं पूर्ण नाव टाकलंय, नवऱ्याच्या नावासकट. काल संध्याकाळी ती मुंबईत उतरली.