ब्लॉकिंग पेप्टाइडने बँड गेला म्हणजे नेमकं काय झालं?

उंदराच्या एका गंध-रिसेप्टरसाठी (नाकातल्या पेशींवरचं वास टिपणारं प्रथिन) विकत आणलेली अँटिबॉडी खरंच त्यालाच चिकटते का, हे तपासायचं होतं. सोबत कंपनीचं १५ अमिनो आम्लांचं ब्लॉकिंग पेप्टाइड आलं, म्हणजे अँटिबॉडीच्या पकडीत आधीच बसून तिला अडवणारा प्रथिनाचा छोटा तुकडा; पण त्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम गोपनीय. ही गुप्तता मला अजिबात पटत नाही. क्रम कळल्याशिवाय पेप्टाइड कशात विरघळवायचं तेही ठरत नाही. सिस्टीन हे अमिनो आम्ल असेल तर डीएमएसओ हे द्रावक बाद, कारण त्यात ऑक्सिडेशन होऊन पेप्टाइडच्या जोड्या बनतात. क्रमासाठी ईमेल धाडली आणि तोवर पाण्यात विरघळवलं. वडोदऱ्यात ऐन पावसाळ्यात कुपी फ्रीजरमधून काढल्या काढल्या उघडायची नसते. थंड पावडर हवेतली ओल ओढून घेते. आधी बंद कुपीच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची.

दोन नळ्या. दोन्हींत १ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी आणि ५०० मायक्रोलिटर बफर. एकीत ५ मायक्रोग्रॅम पेप्टाइड, दुसरीत तेवढंच नुसतं पाणी. वजनाने हे पाचपट, पण एवढासा तुकडा इतका हलका की रेणूंच्या संख्येत तो चारशेपटींहून जास्त भरतो. रात्रभर ४ अंशांवर फिरवायचं, सकाळी सेंट्रिफ्यूज करून तळाला धक्का न लावता वरचंच द्रावण घ्यायचं. ब्लॉटमध्ये प्रथिनं जेलमध्ये वेगळी करून पातळ पटलावर उतरवतात, अँटिबॉडी जिथे चिकटते तिथे रेघ दिसते, तोच बँड. ब्लॉटचे नमुने ९५ अंशांवर उकळायचे नाहीत. सात वेळा पेशीचा पडदा ओलांडणारी ही प्रथिनं उकळली की एकमेकांना चिकटून जेलच्या तोंडाशीच अडकतात. ३७ अंशांवर अर्धा तास पुरतो. दोन्ही ब्लॉटना एक्स्पोजर सारखंच.

पेप्टाइडच्या ब्लॉटवर बँड साफ गेला. "मॅडम, झालं की! पेपरला हेच तर मागतात," विद्यार्थी म्हणाला. मागतात खरं, आणि माझा राग त्यावरच आहे. हीच दोन द्रावणं घ्राणपटलाच्या (नाकातल्या वास टिपणाऱ्या थराच्या) स्लाइडवरही लावली होती. पेप्टाइडच्या स्लाइडवरचा रंगही गेला होता, पण पेप्टाइड न घातलेल्या स्लाइडकडे कोणी नीट बघत नव्हतं. तिच्यावर घ्राणपटलातल्या जवळजवळ सगळ्या चेतापेशी रंगल्या होत्या. उंदरात असे हजारावर रिसेप्टर असतात आणि एक पेशी त्यातला एकच वापरते. मग एकाच रिसेप्टरच्या पेशी विरळ, ठरावीक पट्ट्यात विखुरलेल्या दिसायला हव्यात.

क्रम आला. त्यात मधोमध एम-ए-वाय-डी-आर-वाय-व्ही-ए-आय-सी, एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल. या विषयातला कोणीही हा तुकडा बघताक्षणी ओळखेल, थोड्याफार फरकाने तो गंध-रिसेप्टरच्या जवळपास सगळ्या कुटुंबात सापडतो. (शेवटचं सी म्हणजे सिस्टीन, डीएमएसओ टाळलं ते बरंच झालं.) अँटिबॉडी या तुकड्याला धरत असेल तर ती शेकडो रिसेप्टरना धरणार, आणि पेप्टाइडने तिची पकड भरून टाकली की सगळ्यांचा रंग एकदमच जाणार. बंधन पकडीच्या जागेतूनच होतं, एवढंच ही चाचणी सांगते. समोर कोण होतं, ते सांगत नाही. अक्षरं उलटसुलट केलेलं पेप्टाइड लावूनही ते कळलं नसतं.

आता ब्लास्ट या क्रम जुळवून पाहणाऱ्या प्रोग्राममध्ये जवळचे नातलग तपासून रिसेप्टरच्या शेपटाकडच्या भागाचं पेप्टाइड बनवून घेतोय, नवी अँटिबॉडी त्यावरच. ती एचईके २९३ (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी) पेशींवर लावायची: एका डिशमध्ये आमचा रिसेप्टर, दुसरीत त्याचा सर्वांत जवळचा नातलग. दोघांच्या पुढच्या टोकाला ऱ्होडॉप्सिनची खूण (त्या दुसऱ्या प्रथिनाचा छोटा तुकडा), म्हणजे प्रथिन बनलंय की नाही ते वेगळ्या अँटिबॉडीने पाहता येतं. शेपूट पेशीच्या आत असतं, म्हणून आधी ट्रायटन या डिटर्जंटने पडदा सच्छिद्र करायचा. दुसऱ्या डिशमध्येही आमची अँटिबॉडी उजळली, तर पेप्टाइडचा ब्लॉट कितीही स्वच्छ असो, मी ती पेपरात घालू देणार नाही.