कर्ज कुणाच्या नावावर?

गेल्या रविवारी सोलापूरच्या पार्क चौकात चहा घेताना आमच्यात चांगलीच जुंपली. सकाळी फिरून आलो की आम्ही पाच-सहा जण तिथं टेकतो. सगळे मोदींना मत देणारे. अण्णा तर अटलजींच्या काळापासूनचे कमळवाले. वाद लावला माझ्या भाच्यानं. तो 1999चा, एमपीएससीचा अभ्यास करतोय. त्यानं मोबाईल समोर धरला. केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये पन्नास वर्षांचे रोखे काढलेत, म्हणजे बाजारातून कर्ज उचललंय, 7.46 टक्के व्याजानं. मुद्दल परत करायचं 2073 साली.

"मामा, तेव्हा मी चौऱ्याहत्तर वर्षांचा असेन. तुमच्यातलं कोण असणार?"

अण्णा उसळले. "काय बे, ऑइल बाँड कुणी काढले होते? ते फेडलेच ना यांनी? मुंबईची वंदे भारत सोलापूरला कुणाच्या काळात आली?" अण्णांचं खोटं नाही. ते बाँड, म्हणजे इंधन स्वस्त ठेवण्यापोटी तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेले रोखे, आधीच्या सरकारचे, आणि वंदे भारत फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली, मी तिनं दोनदा गेलोय. पण पोरानं विचारलेल्याचं हे उत्तर नव्हतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं हिशेब लिहितो. कर्जाला मी भीत नाही. मालकानं माग घ्यायला कर्ज काढलं तर माग सूत विणतो, चादर विकते, हप्ता निघतो. लांब मुदतीचे रोखेही वाईट नसतात. विमा कंपन्यांना, भविष्य निर्वाह निधीला ते हवेच असतात. धास्ती वाटते ती जुन्या कर्जाचं व्याज भरायला नवं कर्ज काढावं लागतं तेव्हा. असे दोन कारखाने बंद पडताना मी जवळून बघितलेत.

म्हणून घरी येऊन 2025-26च्या केंद्रीय अर्थसंकल्पातलं ते रुपया कुठून येतो, कुठं जातो याचं चित्र काढून बसलो. रुपयात 24 पैसे कर्जाचे येतात, 20 पैसे व्याजात जातात. लाख कोटींत मांडायचं तर नवं कर्ज 15.69, व्याज 12.76 आणि रस्ते, रेल्वे अशा भांडवली कामांना 11.21. म्हणजे माग घेण्यापेक्षा व्याजावर जास्त. कोरोनाच्या वर्षी तूट, म्हणजे कमाईपेक्षा जास्तीचा खर्च, जीडीपीच्या नऊ टक्क्यांच्या वर गेली होती, ती 4.4 वर आणायचं ठरवलंय, हेही त्याच कागदांत आहे, आणि त्याचं श्रेय मी देतो. भांडवली खर्च 2019-20 मध्ये 3.36 लाख कोटी होता, तो तिपटीच्या वर गेला. हे सगळं मी भाच्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "मग हे पार्कवर का बोलत नाही तुम्ही?"

त्याची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. विड्या वळते. तेंदूची पानं भिजवून, कात्रीनं कापून, तंबाखू भरून दोरा बांधायचा, की हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी. तिला कुंभारीच्या रे नगरात घर मिळालं. 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान आले, पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं, तेव्हा ती मंडपात होती. लहानपणी आपल्यालाही असं घर मिळालं असतं तर, असं बोलताना त्यांचा गळा दाटला, आणि आमची बहीण ढसाढसा रडली. ही वसाहत माकपचे माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांच्या लढ्यातून उभी राहिली, हेही तिला चांगलं ठाऊक आहे. तिच्या देव्हाऱ्याशेजारी मोदींचा फोटो आहे, आणि त्यावर कुणी हसलं तर मला खपत नाही.

पण घर फुकट नाही मिळालं. अनुदान केंद्राचं दीड लाख, राज्याचं एक लाख. उरलेलं तिचं, कर्ज काढून. फरसाणाच्या जुन्या डब्यात ती हप्त्याचे पैसे वेगळे ठेवते. पावसाळ्यात विडी सादळली, मजुरी कापली गेली, तरी त्या डब्याला हात लागत नाही. लाडक्या बहिणीचे दीड हजार आले की आधी त्यातच पडतात.

त्या रात्री मी तिला रोख्याची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ पानं कापत राहिली. मग म्हणाली, "दादा, माझं घर माझ्या नावावर, कर्जबी माझ्याच नावावर. माझ्यानंतर पोराला फक्त घर ऱ्हावं म्हणून तर भरतेय. सरकारनं पोराच्या नावावर काढलंय, तर पोराला विचारलंय का?"

मोदींवर तिचा जीव आहे, तसा माझाही आहे. पण ज्याच्यावर जीव असतो त्याच्या हिशेबाला हात लावायचा नाही, हे आमच्या घरात कधी नव्हतं. वडील मालकाला देव मानायचे आणि दर महिन्याला पगाराची चिठ्ठी दोनदा तपासायचे. आम्ही कट्ट्यावरची माणसं मत देतो, सभेला जातो, लोकांशी भांडतो. कर्जाबद्दल आम्हीच विचारलं तर ते दिल्लीपर्यंत पोचेल. विरोधकांनी विचारलं की ते विरोधकांचं म्हणून सोडून देता येतं.

येत्या रविवारी ते रुपयाचं चित्र छापून नेणार आहे, मोठ्या अक्षरात. अण्णांना जवळचं नीट दिसत नाही. भाच्यालाही बोलावलंय. तो येतो म्हणाला, पण एक अट घातली: आधी वाचून होऊ दे, ऑइल बाँड नंतर.