पाटीभर मासे, जात एकच

जैवविविधता म्हटलं की आमच्या वर्गातली पोरं थेट दाजीपूरला पोहोचतात. गवा, शेकरू, बिबट्या. राधानगरी अभयारण्य आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आहे याचा त्यांना अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण सहावी-सातवीला विज्ञान शिकवताना एक गोष्ट मला कायम खटकत आली. जैवविविधता म्हणजे सहलीला जाऊन बघायची वस्तू, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आमची शाळा पंचगंगेच्या काठावर, प्रयाग चिखलीपासून नदीच्या वाटेनं थोडं खाली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती असं पाच नद्यांचं पाणी गावाच्या अंगावरून जातं. पोरांच्या वहीत मात्र ही नदी फक्त ‘प्रदूषण’ या धड्यात येते.

म्हणून त्या वर्षी ठरवलं, आपण आपल्या गावच्या माशांची नोंद करायची. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवजातींची लोकांना विचारून केलेली नोंद, सांगितलेली आहे. राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी २०२० अखेरची मुदत घातल्यावर अनेक गावांत घाईघाईनं नोंदवह्या भरल्या गेल्या. कपाटात जाऊन बसलेल्या अशा वह्या मी पाहिल्या आहेत. त्यांतलं माशांचं पान उघडलं की चार-पाच नावं दिसतात. ती कुणाला विचारून लिहिली, कुठल्या डोहातली, पूर्वी किती मिळायची, काही पत्ता लागत नाही. पोरांनी स्वतः विचारून, बघून लिहिलेलं एक पान तरी असावं, एवढाच माझा हेतू होता.

फेब्रुवारीअखेरचा शनिवार, सकाळची शाळा. पालकांची संमतिपत्रं घेतली होती. घाटाच्या तिसऱ्या पायरीच्या खाली कुणी उतरायचं नाही, हे दहादा बजावलं होतं. सोबत दोन पालक होते. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, त्यामुळं नदी थांबलेली. आमच्या जिल्ह्याच्या नावानं ओळखला जाणारा हा बंधारा पावसाळा सरताना बरगे घालून अडवतात आणि पावसाच्या तोंडावर ते काढतात. उसाला पाणी मिळतं ते यामुळंच. पण कितीतरी महिने वाहती नदी वाहती राहत नाही, आणि वाहत्या पाण्यातल्या जिवांना हे सोसावं लागतं. पोरं रोज बंधाऱ्यावरून सायकलनं जातात, पण या अंगानं त्यांनी त्याच्याकडं कधी पाहिलं नव्हतं.

भोईकाका हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळं काढून आले. सत्तरीच्या घरातला माणूस, हातांची चामडी पाण्यानं सुरकुतलेली. त्यांनी पाटी पायरीवर उपडी केली. मासे तडफडत पसरले आणि पोरं एकदम ओरडली, “केवढे मासे!”

मी म्हटलं, “आता जातीनुसार वेगळे करा.”

इथं जे झालं ते मला वर्गात कितीही तक्ते लावून साधलं नसतं. पोरांनी पायरीवर खडूनं चौकोन आखले होते, एकेका जातीला एक. एक चौकोन भरत गेला, भरून वाहिला. दुसऱ्यात एक वाम पडली. तिसऱ्यात बारकी चंदेरी मासळी, मूठभर. उरलेले चौकोन कोरेच. भरलेल्या चौकोनात सगळी चिलापी, म्हणजे तिलापिया, होती. करड्या रंगाची, पाठीवर काटेरी पंख, छोटीपासून पंजाएवढीपर्यंत.

सातवीतला एक मुलगा म्हणाला, “बाई, मासे तर भरपूर हाईत की. मग कमी कुठं झालं?”

हा प्रश्न मोठी माणसंही विचारतात. पाटी भरलेली दिसते, बाजार भरलेला दिसतो, मग काय संपलं? मी उत्तर दिलं नाही. काकांना म्हटलं, तुमच्या तरुणपणी पाटी उपडी केली असती तर किती चौकोन लागले असते?

काका बसले आणि बोटांवर मोजत नावं घ्यायला लागले. मरळ, वाम, शिंगाळा... पुढची काही नावं मलाही नवीन होती, पोरांनी ती ऐकली तशी लिहून घेतली. मग ते मरळीवर थांबले. “मरळीची जोडी पिल्लांच्या राशीभवती राखण करत फिरायची. तांबडी-तांबडी पिल्लं पाण्याच्या वर दिसायची. पिल्लांसंगं दिसली की आमचा बा हात लावू द्यायचा न्हाई.” कुठल्या डोहात, कुठल्या खडकाखाली, तेही त्यांनी बोटानं दाखवलं. त्यातली एक जागा वाळूउपशात गेली, एक बंधाऱ्याच्या फुगवट्याखाली.

चिलापी इथली नव्हे. तिचं मूळ आग्नेय आफ्रिकेत. १९५२ साली ती भारतात आणली गेली, तळ्यांत वाढवून लोकांना स्वस्त मासा मिळावा म्हणून. हेतू वाईट नव्हता. पण ती तळ्यात राहिली नाही. थांबलेल्या, कमी प्राणवायूच्या, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातही ती तग धरते. शेवाळ खाते, किडे खाते, दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लंही खाते. आमच्या नदीतले अनेक मासे पावसाळ्यात एकदाच अंडी घालतात, चिलापी वर्षातून अनेकदा. हे सगळं मी पायरीवर बसून सांगत होते आणि पोरं ऐकतही होती, पण खरं शिकणं त्यानंतर झालं.

सातवीतलीच एक मुलगी, वडील गुऱ्हाळावर कामाला, मासे हातात धरून बघत होती. एका चिलापीचा जबडा फुगलेला होता. मासा अजून जिवंत, कल्ले उघडमीट करत होता. तिनं अंगठ्यानं तोंड उघडलं आणि तिच्या तळहातावर पिवळे दाणे सांडले, मोहरीहून थोडे मोठे. जवळून बघितलं तर प्रत्येक दाण्याला दोन काळे डोळे आणि वळवळणारी शेपटी.

“बाई, ही पिल्लं हाईत!”

सगळी पोरं तिच्या हातावर वाकली. या चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन हिंडते. पिल्लं फुटल्यावरही धोका दिसला की ती आईच्या तोंडात शिरतात. त्या काळात ती बहुतेक उपाशीच असते. मी हे सांगितल्यावर कुणीच काही बोललं नाही. मुलीनं डब्याच्या झाकणात पाणी घेतलं, पिल्लं त्यात सोडली आणि पाण्याकडं निघाली.

“थांब,” मी म्हटलं. “कुठं सोडतेस?”

“नदीत. मरतील न्हाईतर.”

काकाही म्हणाले, “सोडू द्या की बाई. लहान जीव हाईत.”

मला तो क्षण फार अवघड गेला. जीव वाचवायला निघालेल्या पोरीला अडवायचं कसं? दया शिकवणारी मीच. पण तिच्या झाकणात जे होतं त्याला नदीत सोडणं म्हणजे कोऱ्या राहिलेल्या चौकोनांवर आणखी ओझं टाकणं होतं. मी तिला तिसऱ्या पायरीवर बसवलं आणि निर्णय पोरांसमोर ठेवला.

वाद चांगला रंगला. एक म्हणाला, ही मोठी होऊन मरळीची अंडी खातील. ती म्हणाली, “पर ह्यांची काय चूक? ह्यांना कुणी इचारून आणलं का?” तिचं बरोबर होतं, आणि मी तसं सांगितलंही. चूक माशाची नाही, आणणाऱ्यांची आणि नदी थांबवून घाण करणाऱ्यांची. शिवाय काकांची चूल आज याच माशावर पेटते, हेही पोरांनी विसरायला नको होतं. मग कुणीतरी तोडगा काढला, शाळेच्या सिमेंटच्या टाकीत ठेवूया. माना डोलल्या. तेवढ्यात मागून एक बारका मुलगा म्हणाला, “२०१९ च्या महापुरात शाळाच पाण्यात गेली हुती. टाकीतलं सगळं नदीतच जाणार न्हवं?”

शाळा बुडालेली या पोरांनी पाहिली आहे. महापुरात शेततळी, टाक्या, घरातले काचेचे हौद, सगळं नदीला मिळतं आणि परके जीव असेच पसरतात. बाराव्या वर्षी त्या मुलानं हे स्वतःच्या अनुभवावरून जोडलं, कुठल्याही पुस्तकातून नाही. माझ्या नोकरीतलं ते समाधान मी जपून ठेवलं आहे.

शेवटी ठरलं की पिल्लं वर्गातल्या काचेच्या भांड्यात ठेवायची, वाढताना बघायची, नदीत, ओढ्यात, विहिरीत कुठंही सोडायची नाहीत आणि पावसाआधी काकांच्या हवाली करायची. बरीच पहिल्या आठवड्यात गेली. उरली ती पोरांनी मोजली, मापली, चित्रं काढली आणि मे महिन्यात काकांना दिली.

पण त्या सकाळी परत निघताना ती मुलगी काकांना विचारत होती, इथले मासे पोटात अंडी घेऊन कधी येतात? काका म्हणाले, पहिल्या मोठ्या पावसाला, पाण्याच्या उलट वर चढतात. चढणीचे मासे. तेव्हाच सगळे धरतात, ओढ्याच्या तोंडाला जाळी लावून, कारण तेव्हा ते गाभोळीनं भरलेले आणि चवदार असतात.

ती म्हणाली, “मग ती तरी सोडूया की, काका.”

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी लावत न्हाई ह्या वर्षी. बाकीच्यांचं मी सांगू शकत न्हाई.”

आमच्या पानावर आता माशाचं नाव, सांगणाऱ्याचं वय, जागा, पूर्वी आणि आता, असे रकाने आहेत. घाटावर सापडलेल्या रिकाम्या शिंपल्यांचीही नोंद आहे. गोड्या पाण्यातल्या या शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना किंवा पंखांना चिकटून वाढतात, म्हणून ते पान माशांच्या पानाला जोडूनच घातलं. १ मेच्या ग्रामसभेत पोरांचा अर्ज वाचला गेला. पहिल्या पावसाचे आठ दिवस ओढ्याच्या तोंडाला जाळं लावू नये, एवढीच मागणी. काही हसले, काहींनी विचारलं की मग खायचं काय. ठराव झाला नाही, पण काकांनी उभं राहून आपला शब्द सगळ्यांसमोर सांगितला.

जूनमध्ये त्या ओढ्यावर जाळी लावणाऱ्यांपैकी दोघांनी ती काढली. तिसऱ्यानं काढली नाही. पोरं आता आठवीत गेली आहेत, तरी यंदा पाऊस लागायच्या आधी त्याच्या घरी जायचं त्यांचं ठरलं आहे, आणि सोबत काका येणार आहेत.