हजेरीपट सांभाळणाऱ्याने वाचलेलं बायबल

नोकरीची सगळी वर्षं साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. हजेरी, खाडे, ओव्हरटाइम, पगारपत्रक. निवृत्तीनंतर बायबल सलग वाचायला घेतलं ते भक्तीपोटी नाही. देव मानणं कॉलेजातच सुटलं होतं. पण आम्ही नगरकडचे. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन इथे आहे, शेजारीपाजारी ख्रिस्ती घरं, त्यांचा नाताळचा फराळ दरवर्षी खाल्लेला. आणि ज्या ग्रंथावर ती माणसं जगतात त्याचं एक पान उलटलेलं नाही, याची लाज वाटायला लागली होती.

शेजारच्या ताई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी हिशेबच मांडून दिला: एकूण अध्याय ११८९, रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात पुस्तक संपतं. "पण भाऊ, तुम्ही मत्तयापासून धरा," म्हणजे येशूची गोष्ट सुरू होते त्या नव्या करारापासून, हेही बजावलं. मी ऐकलं नाही. मस्टर कोणी मधूनच वाचायला घेतं का?

पहिलं पुस्तक उत्पत्ति, ते झरझर गेलं. भाऊबंदकी, वडिलांना फसवून लाटलेला आशीर्वाद, सगळं आपल्याच तालुक्यातलं. याकोब मामाकडे दोन बायकांपायी चौदा वर्षं राबतो आणि मग तक्रार करतो की मामाने माझी मजुरी दहा वेळा बदलली. इथे मी पेन्सिल हातात घेतली. दुसऱ्या पुस्तकात, निर्गमात, मात्र देवाच्या तंबूची लांबीरुंदी सुरू झाली, पुढे तिसऱ्या, लेवीयमध्ये यज्ञाची चरबी, कोड, महारोग. बहुतेक लोक इथेच पुस्तक मिटतात. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की लंडनमध्ये जुना करार, म्हणजे बायबलचा येशूआधीचा भाग, वाचताना त्यांना हमखास झोप यायची. मला बरं वाटलं. पण त्याच रखरखीत लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात एक आज्ञा सापडली: मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नकोस. पुढे अनुवाद नावाच्या पुस्तकात पुन्हा तेच, सूर्य मावळायच्या आत दे, तो गरीब आहे, त्याचं मन त्या मजुरीकडे लागलेलं असतं. थकीत पगारासाठी गेटवर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. ते वाक्य मी त्या दिवशी पुढे ढकलू शकलो नाही.

सगळंच असं नव्हतं. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात गुलामाला मारण्याबद्दलचा नियम आहे: तो लगेच मेला तर मालकाला शिक्षा, पण दिवस-दोन दिवस जगला तर नाही, कारण तो मालकाचंच धन. मी ते पान घेऊन ताईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "ते जुनं झालं भाऊ, प्रभू आल्यावर बदललं." मला पटलं नाही. अजूनही पटत नाही.

तेव्हाच त्यांचं बायबल मी पहिल्यांदा नीट पाहिलं. चेन असलेलं रेक्झिनचं कव्हर, पानांच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या, समासात निळ्या शाईत तारखा. यजमानांचं ऑपरेशन, धाकट्याची बारावी, घराचं कर्ज फिटलं तो दिवस. हातात घेतलं की ते आपोआप तेविसाव्या स्तोत्रावर उघडायचं. त्या पुस्तक वाचतच नव्हत्या, त्या त्यात नोंदी ठेवत होत्या. मी सलग वाचणारा, म्हणून मला विसंगती दिसत होत्या. त्यांना एकेका वचनाशी काम होतं. कोणाचं वाचन खरं, हे मी आता ठरवत बसत नाही.

मत्तयाला पोचलो. पाचव्या ते सातव्या अध्यायातलं डोंगरावरचं प्रवचन. एका आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या गोऱ्या माणसाने नवा करार हाती दिला आणि याच प्रवचनाने कवी नारायण वामन टिळक वेडे झाले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मोकळे. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, मग त्याही आल्या. त्याच सुमाराला गांधीजींच्याही थेट काळजाला तेच प्रवचन भिडलं, आणि ते गीतेशी ताडून पाहत हिंदूच राहिले. अध्याय तेच तीन. मला विचाराल तर प्रवचन सुंदर आहे, पण मला भिडलं ते नाही.

मला अडवलं विसाव्या अध्यायाने. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, दिवसाचा एक दिनार ठरतो. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला आणखी माणसं बोलावतो. संध्याकाळी सगळ्यांना एकच दिनार, तोही शेवटच्यापासून वाटायला सुरुवात. पहाटेवाले बोंब मारतात. मारणारच! आमच्याकडे अशी हजेरी लावली असती तर दुसऱ्या दिवशी एकही माणूस पाचच्या आधी आला नसता. मी तावातावाने ताईंना हे ऐकवलं.

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही स्वतःला पहाटे आलेलाच का धरताय?"

याला उत्तर सुचलं नाही. मजुरीचा कायदा म्हणून ती गोष्ट आजही मला मान्य नाही. पण धन्याने तो दिनार त्याच संध्याकाळी दिला, सूर्य मावळताना, लेवीय आणि अनुवाद पाळून, हे लक्षात आल्यावर मी तो अध्याय पुन्हा वाचला. आता नाक्यावर दुपारपर्यंत काम न मिळालेले गवंडी, हमाल दिसले की पाचला बोलावलेल्यांचं बोलणं आठवतं: आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. पूर्वी मी त्यांना आळशी म्हणायचो.

बाप्तिस्म्याबद्दल ताई विचारत नाहीत. चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, मी हसून नाही म्हटलं, चहा झाला.

उलट ईयोब, म्हणजे दोष नसताना सगळं गमावलेल्या माणसाचं पुस्तक, मी त्यांना वाचायला लावलं. त्यांना सुरुवात आणि शेवट पाठ, मधले पस्तीसेक अध्याय कधी धड वाचलेले नाहीत. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे ईयोबचे मित्र आजाऱ्याच्या उशाशी बसून तुझंच काहीतरी पाप असणार म्हणून ऐकवतात, तिथे त्यांचा पारा चढला. "पहिले सात दिवस गप्प बसले होते तेच बरं होतं. माझ्या वॉर्डात असते तर व्हिजिटिंग अवर संपला म्हणून हाकललं असतं." बेचाळिसाव्या अध्यायात देवच त्या तिघांना झापतो, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम हाक मारून ते वचन मोठ्याने वाचून दाखवलं आणि समासात तारीख घातली.